केटरिंग सुपरवायझर फ्राउके

फ्राउकेच्या व्हिसावर दोन वर्षं ‘केटरिंग सुपरवायझर’ असं लिहिलेलं होतं. खरं तर तिला साधा कुकर लावता येत नव्हता. ती शिल्पकार होती, जर्मनीची. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमच्या कंपनीचं जुनं किचन आहे, त्याच्या मेझनिनवर, म्हणजे मधल्या अर्ध्या मजल्यावर, ती माझ्या वारलेल्या सासूबाईंचा चेहरा घडवत बसायची.

तिच्याबद्दल सांगायचं तर आधी आमच्या घराबद्दल सांगावं लागेल, कारण ती आमच्या घराच्या तावडीत सापडली होती. ‘तावडीत’ हा शब्द मी विचार करून वापरतेय. आम्ही काही वाईट माणसं नाही. माझे सासरे, चंद्रहास टिपणीस, कामगारांच्या बायकांच्या बाळंतपणाला पैसे पाठवणारे गृहस्थ आहेत. पण माणूस वाईट नसला म्हणजे त्याच्या हातून दुसऱ्याची कोंडी होत नाही, असं थोडंच आहे?

बाबा, म्हणजे सासरे, आणि आई, म्हणजे सासूबाई सुलक्षणा, एकोणनव्वद साली ठाण्याहून इथे आले. बर दुबईत, मीना बझारच्या मागे, एका खोलीत आईंनी अकरा डबे सुरू केले. बाबा ते डबे घेऊन अब्रात, म्हणजे खाडीतल्या होडीत बसायचे, खाडी ओलांडून देऱ्याला जायचे आणि एकट्या राहणाऱ्या मराठी पोरांना पोचवायचे. अकराचे तीस झाले, तिसाचे दोनशे. माझं त्यांच्या यतीनशी लग्न झालं तेव्हा शारजात किचन होतं, व्हॅन होत्या, बाबांच्या टेबलावर काच होती. आई मात्र तेव्हाही रोज सकाळी किचनला जायच्या. मसाला दुसऱ्या कोणाच्या हातचा चालायचा नाही त्यांना.

दोन हजार वीसच्या नोव्हेंबरात आई गेल्या. छातीत दुखायला लागलं आणि तीन दिवसांत खेळ आटोपला. करोनाचे दिवस होते, हॉस्पिटलात एकालाच आत सोडत होते. बाबा आत गेले तेव्हा आईंच्या तोंडावर मास्क आणि नळ्या होत्या. “मला तिचा चेहराच दिसला नाही,” हे वाक्य त्यानंतर बाबांनी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

मग फोटो शोधायला लागलो. घरात हजारो फोटो, पण आई कुठेच धड नाहीत. वाढदिवसाच्या फोटोत त्या केक कापणाऱ्याच्या मागे अर्ध्या. गणपतीच्या फोटोत पातेल्यावर वाकलेल्या. सगळा चेहरा दिसेल असे जेमतेम अकरा फोटो निघाले, त्यातला एक लग्नातला.

फ्राउके भेटली ती सव्वा वर्षानंतर, ईशानीच्या शाळेत. ईशानी माझी मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. शाळेत मातीकामाची कार्यशाळा होती. मला दुबईतल्या सिलिकॉन ओएसिस भागातल्या ऑफिसातून निघायला उशीर झाला, पुढे ट्रॅफिकने नाकी नऊ आणले, म्हणून तिला आणायला बाबा गेले. तिथे एक उंच, पिकल्या केसांची, अंगात मळकी डंगरी घातलेली बाई मुलांसमोर शाळेच्या वॉचमनचं डोकं घडवत होती. वीस मिनिटांत तिने ते केलं. बाबा सांगायचे, वॉचमन स्वतःच्या डोक्याकडे बघून रडायला लागला.

बाबा सरळ तिच्याकडे गेले आणि म्हणाले, “मॅडम, माय वाइफ. यू मेक?”

फ्राउकेचं तेव्हा वय अठ्ठावन्न. उत्तर जर्मनीतल्या समुद्रकाठच्या एका गावात ती वाढली, वडील होड्या दुरुस्त करायचे. सोळाव्या वर्षी ती कबरींचे दगड घडवणाऱ्या कारागिराकडे कामाला लागली. तीन वर्षं मेलेल्या माणसांची नावं आणि तारखा कोरल्या. कारखान्यात ती एकटीच मुलगी, म्हणून मास्तर तिला मुद्दाम सगळ्यात कठीण दगड द्यायचा. त्यातून ती कला अकादमीत गेली आणि पुढे आयुष्यभर तिने एकच गोष्ट केली, बसलेल्या बायका. बसस्टॉपवर बसलेल्या, दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या, नुसत्याच बसलेल्या. एका गावाच्या चौकात तिच्या पाच सिमेंटच्या बायका बाकावर बसल्या आहेत. बाजारातून येणारे लोक त्यांच्या मांडीवर पिशव्या ठेवतात आणि जरा दम खातात. तिने मला फोनवर फोटो दाखवला होता. एका बाईच्या मांडीवर कोबी होता. “हे माझं सगळ्यात चांगलं परीक्षण,” ती म्हणाली होती.

पण बसलेल्या बायका विकत घेणारं पुढे कोणी उरलं नाही. नवरा सोडून गेला. दोन हजार तेरात दुबईच्या एका इंटिरियर कंपनीने तिला बोलावलं, हॉटेलच्या लॉबीत ठेवायच्या वस्तू करायला. फायबरचे घोडे, फायबरचे ससाणे. दोन वर्षांसाठी म्हणून आली ती सात वर्षं राहिली. “एकशे चाळीस ससाणे केले मी,” ती सांगायची. “शेवटी शेवटी डोळे मिटून करायचे.” करोनात ती कंपनी बंद पडली. जर्मनीतलं घर तिने कधीच सोडलं होतं. इथे मुलांना मातीकाम शिकवत ती कसेबसे दिवस काढत होती आणि व्हिसा संपायला एकोणीस दिवस उरले होते. अशा वेळी बाबा भेटले.

बाबांनी सगळं एका दुपारी ठरवून टाकलं. कंपनीच्या नावावर व्हिसा काढू. आमच्याकडे ‘शिल्पकार’ असं पद नव्हतं, कोटा होता तो केटरिंग सुपरवायझरचा. मेझनिनवर जागा, शेजारी राहायला खोली, महिन्याला चार हजार दिरहम. “म्हणजे ब्याऐंशी-त्र्याऐंशी हजार रुपये झाले की नाही?” बाबांनी मोठ्याने हिशोब केला. “आणि जेवण आपलंच.” आईंचं डोकं घडवायचं, ब्राँझमध्ये ओतायचं, कंपनीच्या दारात बसवायचं. तीन महिन्यांचं काम.

आमचे पीआरओ, सरकारी कागदपत्रं बघणारे बदरुद्दीनभाई, व्हिसाच्या स्टँपिंगसाठी तिचा पासपोर्ट घेऊन गेले. स्टँपिंग झालं. पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत गेला, आमच्या इतर लोकांच्या पासपोर्टांबरोबर. “साहब के पास सेफ है मॅडम, गुम नहीं होगा,” बदरुद्दीनभाई म्हणाले. फ्राउकेनेही मान डोलावली. तिला वाटलं, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

पहिलं डोकं तिने साध्या मातीत सुरू केलं. मेझनिनवरच्या एसीने ती माती वाळली आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा गेला. मग तिने तेलाची माती मागवली. तपकिरी रंगाची, मऊ, कधीच न वाळणारी. ती माती कितीही दिवस ठेवा, कितीही वेळा बदला, तशीच राहते. तिथेच आमचं चुकलं असं मला अजूनही वाटतं.

सहा आठवड्यांत डोकं तयार झालं. पासष्ट वर्षांच्या आई. मी बघितलं आणि पदर पुढे घ्यावा की काय असं झालं, जीन्समध्ये होते तरी. बाबांनी चारही बाजूंनी फेरी मारली. म्हणाले, “छान आहे. फक्त गाल थोडे भरा. शेवटी शेवटी ती वाळली होती.”

फ्राउकेने गाल भरले.

पुढच्या आठवड्यात बाबा म्हणाले, “आता डोळ्यांखालचं हे काढा.” मग “केस इतके मागे गेले नव्हते.” मग “हसली पाहिजे. थोडीच. दात नकोत.” रोज संध्याकाळी पाच वाजता बाबा जिना चढून यायचे, समोरच्या खुर्चीवर बसायचे आणि एक चूक काढायचे. एकच. सांगितलं की उठायचे. जाताना म्हणायचे, “घाई नाही. सावकाश होऊ दे.”

तीन महिन्यांचे आठ झाले. आईंचं वय कमी होत गेलं. दिवाळीपर्यंत त्या पन्नाशीच्या झाल्या, पुढच्या उन्हाळ्यात चाळिशीच्या. एकदा तर पार बावीस वर्षांच्या, लग्नाच्या फोटोतल्या, मुंडावळ्यांसकट. ते बघून बाबा दोन दिवस चूक न काढताच उठून गेले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “इतकी लहान नको. ही मला ओळखत नाही.” मग पुन्हा उलटा प्रवास. फ्राउके प्रत्येक वेळी फोनवर फोटो काढून ठेवायची. त्या फोटोंवरून बोट सरकवलं की आई म्हाताऱ्या व्हायच्या, तरुण व्हायच्या, पुन्हा म्हाताऱ्या व्हायच्या.

“तू त्यांना स्पष्ट का सांगत नाहीस, की काम संपलं?” मी एकदा विचारलं. आम्ही इंग्रजीत बोलायचो.

ती हाताला लागलेली माती अंगठ्याने खरवडत म्हणाली, “संपलं की माझा व्हिसा संपला. मग महिना-दोन महिन्यांत बॅग भरायची. कुठे जाऊ? साठीला आलेल्या, बसलेल्या बायका करणाऱ्या बाईला कोण ठेवून घेणार?” मग म्हणाली, “आणि संपलं नाही तर इथेच. या खोलीला खिडकी नाही, पर्णिका. बघितलंस का कधी?”

मी बघितलं नव्हतं. मेझनिनला खिडकी नव्हतीच. खाली किचनचे एक्झॉस्ट होते, त्यांची घरघर दिवसभर पायांखालून यायची. फोडणीचा वास कपड्यांत, केसांत, त्या मातीतसुद्धा. शुक्रवारी सुट्टी, पण इंडस्ट्रियल एरियातून जायचं कुठे? रस्त्यावर टायरची दुकानं आणि ट्रक. उन्हाळ्यात तर सकाळी नऊनंतर बाहेर पाऊलही टाकता येत नाही. ती कधीकधी खाली उतरून तहसीनच्या चहाच्या टपरीपर्यंत जायची, कागदी कपातला कडक चहा प्यायची आणि परत यायची. तहसीन तिला ‘उस्तादजी’ म्हणायचा. ते तिला फार आवडायचं.

मी मात्र तिच्याकडे जायला लागले ते माझ्या स्वार्थासाठी. ऑफिसातून शारजाला परतायला मला दीड-दोन तास लागतात. घरी गेलं की बाबांचं जेवण, ईशानीचा अभ्यास आणि आईंची रिकामी खुर्ची, जिच्यावर कोणी बसायचं नाही. वेगळं राहायचं आम्ही दोघांनी किती वर्षं ठरवत आणलं होतं. सिलिकॉन ओएसिसमध्ये फ्लॅटही बघून ठेवला होता. पण आई गेल्यावर तो विषय यतीनने काढू दिला नाही. “आत्ता नको, पर्णू. बाबांकडे बघ ना.” मग मी आठवड्यातून दोनदा घरी जाण्याऐवजी मेझनिनवर जायची. ती काम करायची, मी बोलायची. जे कोणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगायची. ती काही सल्ला द्यायची नाही. फक्त म्हणायची, “हं.”

तेवीसच्या नोव्हेंबरात फ्राउकेचा भाऊ फोनवर म्हणाला, आईला न्यूमोनिया झालाय. तिची आई एकोणनव्वद वर्षांची, तिकडे वृद्धाश्रमात होती. दर रविवारी दोघी फोनवर बोलायच्या. फ्राउके त्याच संध्याकाळी बाबांसमोर उभी राहिली. मीही होते.

“मिस्टर टिपणीस, मला जर्मनीला जायचंय. दहा दिवस. माझी आई आजारी आहे.”

बाबा एकदम उठले. “अरे! जा ना. जरूर जा. आई म्हणजे आई.” मग त्यांची नजर डोक्याकडे गेली. “फक्त हा डावा डोळा तेवढा करून जा. चार दिवसांनी सुलक्षणाचं श्राद्ध आहे. तेवढं मला तिच्या डोळ्यात बघू दे. मग तिकीट मी काढतो. बिझनेस क्लासचं काढतो.”

“आजच गेले तर बरं होईल.”

“चार दिवस, मॅडम. प्लीज.” बाबांनी हात जोडले. एकाहत्तर वर्षांच्या माणसाने हात जोडले की समोरच्याला बोलता येत नाही.

फ्राउके बदरुद्दीनभाईंकडे गेली. ते म्हणाले, “इन्शाल्ला मॅडम, पाँच मिनिट का काम है. साहब बोलेंगे तो अभी देता हूँ.”

आता माझं सांगते. मी माझ्या कंपनीत एचआरमध्ये आहे. नव्या माणसाला रुजू करून घेताना मी स्वतः सांगते, की तुमचा पासपोर्ट तुमच्याकडेच ठेवा, कंपनीला तो ठेवायचा अधिकार नाही. बाबांच्या तिजोरीचा नंबर मला पाठ होता. आईंची जन्मतारीख. त्या रात्रीच काय, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना दहा मिनिटं थांबले असते तरी तो पासपोर्ट तिच्या हातात पडला असता. मी थांबले नाही. बाबा काय म्हणतील, यतीन काय म्हणेल हे होतंच. पण त्याहून खोल काही होतं, आणि ते लिहायला लाज वाटते. ती गेली आणि परत आली नाही तर, अशी भीती मला वाटत होती.

तिने डावा डोळा केला. श्राद्धाच्या दिवशी बाबा त्या डोळ्यासमोर बराच वेळ बसले. दुपारी तिच्या भावाचा फोन आला. आई सकाळीच गेली होती.

बाबांना फार लागलं. ते तिकीट काढायला धावले, “आता लगेच जा, मी स्वतः एअरपोर्टला सोडतो,” म्हणाले. फ्राउकेने नको म्हटलं. “मला तिला जिवंत भेटायचं होतं. कबर काय, ती कुठे जाणार नाही.” एवढं बोलून तिने त्या मातीच्या डोक्यावर ओलं फडकं टाकलं. तेलाच्या मातीला ओल्या फडक्याची गरज नसते. साध्या मातीच्या जुन्या सवयीने टाकलं असेल.

त्यानंतर महिनाभर मला तिच्याकडे जायचं धाडस झालं नाही. गेले तेव्हा ती मोकळ्या हातांनी बसली होती. मी जिन्यावरच म्हणाले, “तिजोरीचा नंबर मला माहीत होता.”

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पलीकडचं स्टूल पुढे ओढलं आणि मला बसायला सांगितलं. मग तिने विचारलं, “तुझी सासू कशी होती? फोटोतली नको. तुझे सासरे सांगतात तीही नको. आजूबाजूला कोणी नसताना कशी दिसायची?”

मी सांगितलं. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी नोकरी करत नव्हते, आईंबरोबर किचनला यायची. सकाळी अकरा वाजता शेवटची व्हॅन निघून गेली की आई तिथेच भिंतीला टेकवलेल्या तेलाच्या डब्यावर बसायच्या. पाय पसरून, चप्पल काढून. दोन्ही हात मांडीवर उताणे टाकलेले, जणू ते कोणी दुसऱ्याचे असावेत. तोंड थोडं उघडं. समोरच्या एक्झॉस्टकडे बघत असायच्या. तेव्हा त्यांना हाक मारली तरी ऐकू जायची नाही. दहा-बारा मिनिटं. मग पदराने मान पुसायच्या, उठायच्या आणि उद्याची डाळ भिजत घालायला सांगायच्या. एकदा मी म्हणाले होते, “आई, दमलात का?” तर म्हणाल्या, “दमायला काय झालं? जरा कोणी काही मागत नाहीये, ते ऐकतेय.”

हे वाक्य फ्राउकेने मला दोनदा इंग्रजीत सांगायला लावलं.

तेव्हापासून संध्याकाळी बाबांसमोर ती डोकं करायची, सकाळी दुसरं काम. दीड हात उंचीची एक बाई, डब्यावर बसलेली. मला ती आईंसारखं बसून दाखवायला सांगायची, हात उताणे ठेवायला लावायची. आमच्या किचनच्या महादूमामांना, जे आईंबरोबर पहिल्यापासून होते, तिने वर बोलावलं. मामांनी बघून एवढंच सांगितलं, “बाईंचा उजवा अंगठा असा वाकडा होता. लाटण्यानं.” तिने अंगठा वाकवला. दोन हजार तेरानंतर ती पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी करत होती. चेहरा लाल व्हायचा, जेवायचं विसरायची. पण जिन्यावर पावलं वाजली की घाईघाईने त्यावर चादर टाकायची, एखाद्या चोरासारखी.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी बाबा सकाळीच आले. ईशानी सोबत होती, मी गाडी चालवत होते. मला अडवता आलं नाही, फोन करता आला नाही. आम्ही वर पोचलो तेव्हा फ्राउके हात धुवायला गेली होती. ईशानीने डोक्याकडे एक नजर टाकली, तिला ते कधीच आवडलं नव्हतं. मग तिने कोपऱ्यातली चादर उचलली.

“आजोबा, लुक! इट्स आजी!”

बाबा वळले. मी त्यांच्या मागे उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. फ्राउके हात पुसत आली आणि दारातच थांबली.

बाबा वाकून बघत होते. फार वेळ. मग त्यांनी विचारलं, “हे हिला कोणी सांगितलं?”

“मी,” मी म्हणाले.

“अशी बसायची?”

“रोज. डबे गेले की.”

“मला कधी दिसली नाही.”

“तुम्ही डब्यांबरोबर गेलेले असायचात, बाबा.”

ते खुर्चीवर बसले. ईशानी म्हणाली, “आजी लुक्स टायर्ड,” आणि मी तिला खाली मामांकडे पाठवलं. बाबा एकदम हिंदीत बोलायला लागले, फ्राउकेला कळावं म्हणून. रागावले की त्यांचं तसंच होतं. “ऐसा नहीं था. मैंने उसको ऐसा नहीं रखा था. घर दिया, गाडी दी, बाई लोग दिया. वो खुद आती थी किचन में! ये तोड दो मॅडम. अभी.”

फ्राउकेला हिंदी जेमतेम यायची, मराठी चार शब्द. पण तिने उत्तर दिलं ते मराठीत.

“नाही.”

दोन वर्षांत तिच्या तोंडून हा शब्द कोणी ऐकला नव्हता. गाल भरा, भरले. वय कमी करा, केलं. आता ती त्या लहान मूर्तीच्या आणि बाबांच्या मध्ये येऊन उभी राहिली, ओले हात तसेच खाली सोडून.

“तो फिर खलास,” बाबा म्हणाले. “मार्चमध्ये व्हिसा संपतोय. रिन्यू होणार नाही.”

“ओके,” फ्राउके म्हणाली.

बाबा कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले. आम्ही गाडीत बसून निघालो. अल नहदाच्या सिग्नलला म्हणाले, “अंगठा वाकडा होता ना तिचा? मी विसरलो होतो.” मी “हो” म्हणाले. 

तीन आठवडे ते मेझनिनवर गेले नाहीत. चौथ्या आठवड्यात बदरुद्दीनभाई एका पाकिटात पासपोर्ट घेऊन गेले, व्हिसा रद्द करायच्या कागदावर सही घेतली. सोबत बाबांचा निरोप होता, की डोकं आहे तसं ओतून घ्या. त्या दिवशी डोकं जेमतेम पंचेचाळिशीचं होतं. एक डोळा श्राद्धाचा, एक त्याच्या आधीचा. अजमानच्या एका कारखान्यात ते ब्राँझमध्ये ओतलं आणि आता कंपनीच्या रिसेप्शनला आहे. येणारे लोक म्हणतात, छान आहे. महादूमामा दर गुरुवारी हार घालतात, पण मान वर करून बघत नाहीत. बाबा त्याच्यासमोरून जाताना फोनवर बोलत असतात.

फ्राउके मार्चच्या शेवटी गेली. एअरपोर्टवर मी सोडलं. डब्यावर बसलेल्या आई तिने प्लास्टरमध्ये काढल्या होत्या, पण विमानात नेणं शक्य नव्हतं, म्हणून तहसीनच्या टपरीमागच्या खोलीत ठेवल्या. ‘कायमची चालले’ असं म्हणून आम्ही दोघी मिठी मारून रडलो. ईशानीने तिला एक मातीचा ससाणा दिला. ते बघून ती इतकी हसली की लोक बघायला लागले.

ती कायमची गेली नाही. भावाकडे पाच महिने राहिली. भावजय चांगली होती, पण जेवताना दर वेळी विचारायची, पुढे काय ठरवलंयस? जुन्या मास्तरांचा कारखाना त्यांचा नातू चालवत होता, तिथे अक्षरं आता मशीन कोरतं. पाच सिमेंटच्या बायका बघायला ती त्या चौकात गेली. चौकाची दुरुस्ती चालू होती, बायका पालिकेच्या गोदामात. तिने मला लिहिलं, “माझ्यासाठी इथे कुठे बसायची जागा नाही. तिथेही नाही हे मला माहीत आहे. पण तिथलं मला सवयीचं आहे.” ऑक्टोबरात ती परतली. शारजातल्या एका नर्सरी शाळेने तिला घेतलं, लहान मुलांना माती खेळवायला. पदाचं नाव ‘असिस्टंट टीचर’.

आम्ही अजून त्याच घरात आहोत. सिलिकॉन ओएसिसचा फ्लॅट दुसऱ्याने घेतला. आईंच्या खुर्चीवर मात्र मी एक दिवस बसले, जेवायला, सगळ्यांदेखत. बाबांनी बघितलं आणि आमटीची वाटी माझ्याकडे सरकवली.

परवा फ्राउकेची व्हिसासाठी मेडिकल होती, मी रजा काढून तिला घेऊन गेले. रांगेत तीनशे बायका असतील, नर्सा, मेड, मास्तरणी, सगळ्यांच्या हातात टोकन. रक्त दिलं, छातीचा एक्स-रे झाला. ती कोपरापाशी कापूस दाबून बाहेर आली. आता आपला पासपोर्ट ती गळ्यातल्या पिशवीत ठेवते, शर्टाच्या आत. झोपतानाही.

“व्हिसा किती वर्षांचा मिळणार?” मी विचारलं.

“दोन.”

“मग?”

“मग बघू,” ती म्हणाली. “गाडी कुठे लावलीयस?”

गाडी लांब लावली होती. ऊन चढत होतं. आम्ही भिंतीच्या सावलीतून, एकामागून एक, चालायला लागलो.